तुम्ही विचारलंत म्हणून: कॅम्पला पाठवला तर पोरगा सुधारेल का?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा फोनवर येतो, तोही जरा हळू आवाजात. मुलगा तेरा-चौदाचा, घरात धड बोलत नाही, दार आपटतो, मोबाईल सोडत नाही, "तुमच्याबरोबर डोंगरात पाठवला तर सुधारेल का हो?" बरीच वर्षं मुलांना घेऊन फिरतोय, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो. नुसत्या कॅम्पने नाही सुधारणार. पण पाठवा, नक्की पाठवा, फक्त डोंगराकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही ते आधी समजून घ्या.

डोंगरात चूक लगेच कळते. पाण्याची बाटली भरली नाही तर दुपारी घसा कोरडा पडतो, तिथे आईला ओरडावं लागत नाही. आणि तिथे मुलाला खरं काम देता येतं. 1907 साली स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचा पहिला कॅम्प घेतला, त्यात श्रीमंत घरची आणि कामगारांची मुलं एकत्र होती. त्यांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाचा प्रमुख एक मुलगाच. मला त्या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण जबाबदारी नावापुरती दिली की मुलांना ते बरोबर कळतं.

मी काय करतो, सगळ्यात जोरात चालणाऱ्या मुलाला शेवटी ठेवतो. त्याच्या मागे कुणी राहता कामा नये, हे त्याचं काम. एकदा असाच एक मुलगा पहिला तासभर नुसता चिडचिड करत होता, पुढचा मुलगा सारखा थांबत होता म्हणून, आणि मग कधीतरी मागे वळून बघितलं तर याच्या खांद्यावर दोन सॅक. कुणी सांगितलं नव्हतं. मीही काही बोललो नाही. उतरताना तोच माझ्या शेजारी येऊन चालायला लागला आणि समोर बघत म्हणाला, बाबांशी चार महिने बोललो नाहीये. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर हे कधीच निघालं नसतं. पोरं चालताना बोलतात, दोर गुंडाळताना बोलतात, हात कामात असले आणि नजरेला नजर द्यायची नसली की बोलतात. तेव्हा आपण उपदेश सुरू केला की संपलं.

धोक्याचंही सांगतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये गाडी चालवायच्या एका गेमवर प्रयोग केला होता, त्यात मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा जास्त धोका पत्करत होती, मोठ्यांमध्ये हा फरक फारसा दिसला नाही. त्यामुळे कड्याजवळ मी पोरांचा घोळका होऊच देत नाही, घोळक्यात शहाणा मुलगाही वेडेपणा करतो. आणि आयोजकांना एक प्रश्न जरूर विचारा, एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर नजरेआड असतो का? उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर पाठवू नका, मग नाव कितीही मोठं असो.

आता खरा मुद्दा. मुलगा घरी येतो, आठ दिवस वेगळा वागतो, मग पुन्हा दार आपटतो. तेव्हा त्याला आईबाबांखेरीज एक मोठा माणूस लागतो, दर आठवड्याला भेटणारा, ठरलेल्या वेळेला येणारा. हे मी स्वतः चुकून शिकलो. एका मुलाला म्हणालो होतो दर शनिवारी भेटू, मग कामं निघाली आणि सहा शनिवार मी गेलोच नाही. नंतर माफी मागायला गेलो, त्याने शांतपणे ऐकून घेतलं, ठीक आहे म्हणाला आणि परत कधी आला नाही. पुढे ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांचा 2002 चा अभ्यास वाचनात आला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या मेंटॉरिंगचा, म्हणजे मोठ्या माणसाने मुलाला असं नियमित भेटत राहण्याचा, मुलांना सगळ्यात जास्त फायदा दिसला, आणि जिथे तीन महिन्यांच्या आतच भेटी बंद पडल्या तिथे मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट कमी झाला होता. वाचून बराच वेळ तो मुलगाच डोळ्यांसमोर होता.

म्हणून आता मी फॉर्म भरून घेताना आईबाबांना विचारतो, कॅम्पनंतर वर्षभर याला कोण भेटणार? मामा, काका, शेजारचा दादा, खेळाचे सर, कुणीही चालेल, रोज नको, आठवड्यातून एक तास पुरे, पण तो तास चुकवायचा नाही. नाव सुचत नसेल तर मला सांगा, आपण मिळून शोधू, आणि मग तारीख ठरवू.