रोल नंबर ४९

माझं गणित काही भारी वगैरे नव्हतं हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर स्मरणिका वाचून बॅचवाले हसतील. पण आठवी म्हटलं की मला तो पावसाळ्यातला ऑफ तास आठवतो. मराठीच्या बाई आल्या नव्हत्या आणि गणिताचे सर आले, तेही पुस्तक न घेता. म्हणाले, आपापला रोल नंबर घ्या, मूळ अवयव पाडा, लहानापासून मोठ्यापर्यंत शेजारी शेजारी चिकटवून लिहा, जी नवी संख्या होईल तिचे परत अवयव, असं करत करत मूळ संख्या आली की तुम्ही घरी पोचलात, डबा उघडा.

फळ्यावर १० करून दाखवला. २ आणि ५, म्हणजे २५. मग ५५, मग ५११, त्याचे ७ आणि ७३, म्हणजे ७७३, आणि त्याला कशानेच भाग जात नाही. संपलं. ४७ नंबरवाला तर बसल्या जागी घरी. माझ्या बाकावरचा ५०: २५५, ३५१७, खल्लास, पठ्ठ्या बटाट्याची भाजी खायलाही लागला. पटावर मुली आधी असायच्या, त्यातल्या ८ नंबरवालीचं मात्र २२२, २३३७, ३१९४१, ३३३७१३१३ असं फुगतच गेलं आणि तिने वही मिटली. (बरं केलं. ते तेराव्या पायरीला १९ आकडी संख्येवर संपतं.)

माझा ४९. ७७, ७११, ३३७९, आणि त्याला ३१ ने भाग जातो हे सापडेपर्यंत घंटा झाली. मग नौपाड्यात घरी येऊन रफ वहीत ३११०९, १३२३९३, ३४४१३१, १७३१६५३ करत ७११४३५२३ पर्यंत गेलो, त्याला ११ ने दोनदा भाग गेला, ५८७९६३ उरले आणि तिथे जे अडकलो ते अडकलोच. सरांनी वही बघितली, म्हणाले कुठेतरी चुकलंय रे तुझं.

नव्हतं चुकलं! पुढे नोकरीत कॉम्प्युटर हाताशी आल्यावर कळलं की ते ५७७ गुणिले १०१९ होतं, आणि पुढचं वाचून तर मी उडालोच. ४९ चं घर जगात कोणालाच सापडलेलं नाही. शंभरावर पायऱ्या झाल्यात, संख्या दोनशेहून जास्त आकडी झालीय, आणि एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडताना भल्याभल्या मशिनी टेकीला येतात. प्रत्येक संख्या कधीतरी पोचते असं मानतात, पण सिद्ध कोणी केलेलं नाही. शंभरच्या आत अशा न पोचलेल्या दोनच, ४९ आणि ७७, आणि ७७ म्हणजे माझंच पुढचं स्टेशन. साठ पोरांच्या वर्गात तो एक नंबर नेमका माझ्याच वाट्याला!

हे मी बॅचच्या ग्रुपवर टाकलं तिथेच चुकलो. आता घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलोय असं लिहायची खोटी, ५० नंबरवाला वाशीहून लगेच टाकतो, "४९ अजून घरी पोचला नाही."