युक्रेनचं युद्ध अन् परभणीचा कापूस

ट्रम्प, पुतिन, झेलेन्स्की यांच्यावर बोला म्हणून आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. परभणी घ्या, सेलू घ्या, मानवत घ्या, कुठल्याही हॉटेलात चहाला बसलं की कोण कोणापुढं झुकला आणि कोणी कोणाला कसं सुनावलं याच्यावर तासभर वाद ठरलेला. चांगलंच आहे, लोकांना जगाचं कळायलंय. पण मला मनापासून वाटतं की त्यातलं आपल्या पोटापाण्याचं जे आहे तेवढंच नेमकं आपण सोडून देतो.

आता हेच बघा ना. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला, युरोपनं रशियाचं तेल घेणं कमी केलं, मग रशियानं ते स्वस्तात विकायला काढलं अन् भारतानं भरपूर घेतलं. त्याच्यावरून अमेरिकेनं आपल्यावर आधीच्या २५ टक्के टॅरिफवर अजून २५ टक्के चढवले, २७ ऑगस्ट २०२५ ला ते एकूण ५० झाले. तिकडं कपडे पाठवणारे तामिळनाडूतल्या तिरुपूरचे कारखाने अडचणीत आले. कपडा उद्योगाला कच्चा माल तरी स्वस्त पडावा म्हणून सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढून टाकलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत.

या तारखा नीट वाचा. आपली वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते अन् दिवाळीला पैसा लागतो म्हणून पहिला कापूस तेव्हाच विकावा लागतो, म्हणजे ज्या महिन्यांत आपला माल बाजारात येतो त्याच महिन्यांत गिरण्यांना ब्राझीलचा, अमेरिकेचा कापूस बिनशुल्क. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव होता की, कोण नाही म्हणतं. पण तो सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर, आणि तिथं ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल घेत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं, पुरानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. कापूस हातात घेतला तरी गार लागायचा. जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या गेटवर गाडीतल्या कापसात ओलावा मोजायचं मीटर खुपसायचं, आकडा बघायचा, मान हलवायची, की झालं, तीच गाडी वळवून खाजगी व्यापाऱ्याकडं, तो म्हणेल त्या भावात.

तिरुपूरच्या मजुराबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याचंही घर त्या कामावरच चालतं. तक्रार अशी आहे की मोठ्या देशांच्या भांडणाचा भार वाटायची वेळ आली की तो जिरायती शेतकऱ्यावर टाकणं सगळ्यात सोपं जातं, कारण तो ओरडत नाही, अन् ओरडत नाही कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सोयाबीनचंही तेच, ३० मे २०२५ ला ऐन पेरणीच्या तोंडावर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. लातूरच्या मोंढ्यात भाव का उठत नाही याचं निम्मं उत्तर इंडोनेशिया अन् अर्जेंटिनाकडून येणाऱ्या स्वस्त तेलात आहे.

म्हणून आता खासदार गावात आले की त्यांना ट्रम्पबद्दलचं मत विचारत बसू नका. ऑक्टोबर ते जानेवारी कापसावरचं आयात शुल्क सरकारनं काढू नये असं संसदेत बोलता का, एवढंच विचारा, आणि हो की नाही तेवढं लिहून घ्या.