कापणीच्या सणाची पंगत

दिवाळी आटोपली, सोयाबीन घरात आलं, कापूस वेचणीला सुरुवात झाली की आमच्या नागपूरच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीच्या सणाची बोलणी निघायची. नाताळाला देऊळ भरतं हे खरं, पण मंडळी म्हणजे काय ते या सणाला जास्त कळायचं.

शनिवारी संध्याकाळी महिला मंडळ वेदीपुढे सजावट करी. कोहळी, तुरीच्या ओल्या शेंगा, कापसाची बोंडं, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि अर्थातच संत्री. संत्र्यांचा ढीग रचला की खालची रात्रीतून दबतात नि रविवारी वास सुटतो. म्हणून ती तणस घातलेल्या पेटीत एकाच थरात मांडायची.

उपासनेनंतर या अर्पणांचा लिलाव. त्यात एका साध्या अंड्याची मजा सगळ्यांत मोठी. कुणीतरी बोली लावून ते घ्यायचं, पैसे द्यायचे आणि अंडं परत मेजावर ठेवायचं. पुन्हा बोली. "काकाजी, शंभर झाले, पुढे बोला!" एखाद्या म्हाताऱ्या बाईने पदरच्या कोंबडीचं आणलेलं ते अंडं चार-पाच हातांतून फिरून मोठ्या अर्पणाएवढी रक्कम देऊन जाई. तिला मंडळीत सगळ्यांच्या बरोबरीचं स्थान आहे, हे त्या दिवशी कुणी वेगळं सांगायची गरज नसे.

त्याच उपासनेत प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून घेण्याचा विधी. त्याची भाकर शनिवारीच कापून ठेवली तर सकाळी तुकडे वाळतात. शिवाय एक भाकर मोडलेली कुणाला दिसतच नाही. प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात म्हणतो, भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. म्हणून एक अख्खी भाकर पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, सर्वांसमोर मोडावी आणि बाकीची सकाळीच कापावी. स्वयंपाकाला बसलेल्यांचं प्रभुभोजन मात्र हमखास चुकतं. त्यांना दोन पाळ्यांत आत बोलवावं. चुलीपाशी राबणाऱ्यालाच प्रभुभोजन मिळू नये, हे बरं नाही.

मग पंगत. दोनशे माणसांना वीस किलो तांदूळ आणि आठ किलो तूरडाळ पुरते. सगळा भात एकाच गंजात लावला की खाली करपतो, वर कच्चा राहतो. पाच-पाच किलोचे चार गंज लावावेत. खरा घोळ मात्र वाढण्यात होतो. लिलाव लांबतो, पुढे बसलेले आधी उठतात, आणि झाडलोट करणारी पोरं, गायनमंडळ, लांबच्या वस्तीतून बसने आलेली कुटुंबं शेवटी रश्श्यावर भागवतात. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीवर पौल रागावला तो नेमका याच प्रकारावर. कुणी उपाशी, कुणी तृप्त, आणि नाव प्रभुभोजनाचं! त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात त्याने सांगितलेला उपाय अगदी व्यवहारी आहे: एकमेकांसाठी थांबा. आमच्याकडे म्हातारी माणसं आणि लेकरं पहिल्या पंगतीला, पंच शेवटच्या पंगतीला, असा नियम केल्यावर कुरकूर थांबली.

नोव्हेंबरचं आणखी एक महत्त्व नागपूरला आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी इथेच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट अशा वेगवेगळ्या वळणांची माणसं होती ती. लेकरांचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती दीक्षा, करणारे आणि विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे, दोघांनाही एकाच मंडळीत जागा ठेवली. प्रीती म्हणून नुसती बोलून दाखवणं निराळं. एका मेजावर यायचं तर आपला आग्रह थोडा बाजूला ठेवावाच लागतो.

दुपारी भांडी घासून झाली की पाळक आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन निघत, सोबत महिला मंडळाच्या दोघी, हातात वरण-भाताचे डबे. दुसऱ्या शतकात रोमला जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय, की गैरहजर असलेल्यांचा प्रभुभोजनाचा वाटा मंडळीचे सेवक घरी पोचवत आणि जमलेल्या दानातून अनाथ-विधवांची सोय होई. हे डबे मात्र जेवण वाढायच्या आधीच भरून ठेवावेत, मागाहून काही उरत नाही.