एका गिगाबिटसाठी किती खड्डे

शहरात गिगाबिट इंटरनेट आणण्याच्या प्रकल्पावर मी नियोजनाच्या बाजूने काम केलं. लोक वेगाबद्दल विचारतात. माझा बहुतेक काळ खोदाईच्या परवानग्यांत गेला.

अशा प्रकल्पाच्या बैठकीत चॅटनूगाचं नाव निघतंच, आमच्याही निघालं. अमेरिकेतल्या टेनेसीमधलं हे मध्यम आकाराचं शहर. तिथल्या ईपीबी या सार्वजनिक वीज कंपनीने २०१० मध्ये आपल्या सगळ्या ग्राहकांना सेकंदाला एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट देऊ केलं. पडद्यावर नव्या नोकऱ्या आणि नवे उद्योग झळकत होते. मला त्यामागची गोष्ट जास्त मोलाची वाटली. त्यासाठी टाकलेलं फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, वीजजाळ्याच्याही कामाचं होतं. तार तुटली की स्वयंचलित स्विचांनी तेवढाच भाग वेगळा करायचा, बाकीच्यांचे दिवे चालू. त्यासाठी केंद्र सरकारचं ११ कोटी डॉलरहून जास्त अनुदान मिळालं. खांब कंपनीचे, ग्राहक कंपनीचे, दुरुस्तीच्या गाड्याही कंपनीच्याच. आमच्या हाती यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे ती नक्कल आम्हाला जमणारी नव्हती.

मी स्टॉकहोमचं उदाहरण लावून धरलं. तिथे १९९४ साली शहराने स्टोकॅब ही कंपनी काढली. ती इंटरनेट विकतच नाही. नुसतं न पेटवलेलं, म्हणजे टोकांना उपकरणं न जोडलेलं, फायबर टाकते आणि मागेल त्याला भाड्याने देते. ग्राहकासाठी मारामारी करायची ती सेवा देणाऱ्यांनी आपसात. आमच्याकडे शेवटी ठरलं ते असं: डक्ट, म्हणजे केबल घालायचे जमिनीखालचे पाइप, शहराचे; सेवा कंपन्यांची.

मग खरं काम सुरू झालं. जमिनीखाली काय आहे याचे नकाशे प्रत्येक खात्याकडे होते आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. जलवाहिनी कागदावर रस्त्याच्या डावीकडे, चाचणीचा खड्डा घेतला की उजवीकडे. खर्चाचा मोठा वाटा खोदाई आणि रस्ता पूर्ववत करणं यातच जातो. काच त्यामानाने स्वस्त. म्हणून आम्ही एक नियम मागितला: रस्ता कोणत्याही कारणाने उघडला, तरी बुजवण्याआधी त्यात रिकामा डक्ट पडलाच पाहिजे. साधी गोष्ट, पण तिच्यासाठी पाणी, मलनिस्सारण, वीज आणि रस्ते या सगळ्यांनी आपली वर्षाची कामं आधी एकमेकांना सांगायला हवीत. ती सवय कुणालाच नव्हती. रस्ते खात्याचे अभियंते सर्वांत जास्त अडून बसले. नुकताच केलेला रस्ता ते फोडू देईनात. खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं.

याच सुमारास एका ठेकेदाराने अगदी उथळ चर कापून केबल बसवण्याचा प्रस्ताव आणला. झटपट आणि स्वस्त. अमेरिकेतल्याच लुइव्हिल शहरात गूगल फायबरने तसंच केलं होतं. चर जेमतेम दोन इंच खोल, वरचं भरण निघून केबल उघड्या पडल्या आणि २०१९ मध्ये कंपनीने ते शहर सोडलं. हे बैठकीत सांगितल्यावर प्रस्ताव पुढे सरकला नाही.

तांत्रिक वाद त्यामानाने लवकर मिटले. एकच झाला तो अपलोडवरून. एकाच फायबरची अनेक घरांत वाटणी करणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका फायबरवर, बहुधा ३२ घरांत मिळून, खाली घराकडे २.५ गिगाबिट येतात आणि वर सव्वाच जातात. घरी सिनेमा बघणाऱ्याला ते पुरतं. पण स्कॅनच्या प्रतिमा पाठवणारं निदान केंद्र, आराखडे पाठवणारं डिझाइनचं कार्यालय, चित्रफिती संपादित करणारे, यांचं पोट वर जाणाऱ्या वेगावर चालतं. उद्योग वाढावेत म्हणून हा खटाटोप, तर दोन्ही दिशांना दहा गिगाबिट देणारी त्याच प्रकारची नवी पद्धत, एक्सजीएस-पॉन, घ्या, असं मी म्हणत राहिले. फायबर तेच, बदलायची ती दोन टोकांची उपकरणं. हे पटायला वेळ लागला नाही.

इमारतींनी मात्र दम काढला. केबल फाटकापर्यंत आलेली आणि आत शिरायला वाट नाही, पाइप नाही, कुणाचा होकार नाही. काही मालकांनी एकाच कंपनीशी करार करून बाकीच्यांना दार बंद केलं होतं. नव्या बांधकामात आतला पाइप सक्तीचा झाला. जुन्या इमारतींत अजूनही एकेकाची समजूत काढावी लागते.

आर्थिक वाढीचं विचाराल, तर पहिल्यांदा बाहेरून मोठं कोणी आलं नाही. असलेल्यांचंच काम बदललं. दुसरी कंपनी त्याच डक्टमधून आल्यावर दर उतरले, आणि छोट्या कार्यालयांनी जोडण्या घेतल्या त्या तेव्हा, वेगाच्या जाहिरातीमुळे नव्हे.

सध्या भांडण भाड्याचं आहे. डक्टचं भाडं त्याच्या लांबीवर, दर मीटरला, लावलं तर विरळ वस्तीत कुणी जाणार नाही; दर ग्राहकाच्या जोडणीवर लावलं तर तिथेही कंपन्या धजावतील, पण ग्राहक मिळेपर्यंत जोखीम शहराची. मी जोडणीच्या बाजूने आहे. हिशेब खातं अर्थातच मीटरच्या.