मिथेनॉलमध्ये गढूळ

सोयाबीन तेलाचा लाँग ऑइल अल्किड (रंगासाठीचे, तेलाचे प्रमाण जास्त असलेले रेझिन), नेहमीची बॅच. ६०० किलो रिफाइंड तेल, १४० किलो पेंटा (पेंटाएरिथ्रिटॉल), उत्प्रेरक म्हणून १५० ग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड. नायट्रोजन चालू ठेवून केटल (रिॲक्टर) २४५ अंशांवर नेली. आमच्याकडे अल्कोहोलिसिस, म्हणजे तेल आणि पेंटा यांच्यातली फॅटी ॲसिडांची अदलाबदल, एरवी तासाभरात उरकते. त्या दिवशी दोन तास झाले तरी सँपल साफ होईना. एक भाग गार केलेले सँपल, तीन भाग मिथेनॉल. नळी हलवली की आरपार दिसायला हवे. आमची नळी ताकासारखी, म्हणजे अदलाबदल अर्धवटच.

"साहेब, टाकू का थॅलिक? पुढची पाळी येईल आता," ऑपरेटरने विचारले. थॅलिक ॲनहायड्राइडच्या २५ किलोच्या दहा बॅगा मॅनहोलशी लावलेल्या होत्या. मी नको म्हटले.

तेलाच्या रेणूत तिन्ही फॅटी ॲसिडे ग्लिसरॉलला जखडलेली असतात. मोकळा हायड्रॉक्सिल एकही नाही, म्हणजे थॅलिकला धरायला जागा नाही. पेंटाचे मात्र चारही हात रिकामे. एवढ्या तापमानाला लिथियमचा साबण तेलात विरघळतो आणि फॅटी ॲसिडांची अदलाबदल घडवतो: काही पेंटावर जातात, ग्लिसरॉलचे हात सुटतात. हे अर्धवट असताना थॅलिक पडले तर ते पेंटाशीच जुळत जाते, तेल वेगळे राहते आणि बघता बघता जेल होते. तो जेल केटलमधून छिन्नीने फोडावा लागतो. घड्याळ काहीही म्हणो, मिथेनॉल साफ झाल्याशिवाय थॅलिकची बॅग उघडायची नाही.

पण लिथियम चालले का नाही? तेलाची ॲसिड व्हॅल्यू (मोकळ्या आम्लाचे माप) ठीक होती, वजनाची नोंदही बरोबर. टॉर्च घेऊन साइट ग्लासमधून वर पाहिले, तर मॅनहोलच्या गळ्याशी पांढऱ्या लांब सुया. आधीच्या बॅचमध्ये उडून बसलेले थॅलिक! झायलीनचा वॉश राहून गेला होता. थॅलिक १३१ अंशांना वितळते. केटल तापली तसे ते ठिबकत आत आले. हिशेब केला तर अंगावर काटा येतो: १५० ग्रॅम लिथियम निकामी करायला जेमतेम पाव किलो थॅलिक पुरते. लिथियम थॅलेट तेलात विरघळत नाही, तसेच पडून राहते.

केटल २०० वर आणली. आणखी १०० ग्रॅम लिथियम थोड्या तेलात कालवून हळूहळू सोडले, कारण त्यातले पाणी एकदम उडाले तर फेस मॅनहोलपर्यंत चढतो. पुन्हा २४५. पन्नास मिनिटांनी नळी लख्ख. (लिथियम असे वाढवत नेणे चांगले नाही, रेझिनला धुरकटपणा येतो, ही बॅच फिल्टरला दोनदा फिरवावी लागली.)

मग १८० ला थॅलिक, ४० किलो झायलीन, रिफ्लक्स २३० पर्यंत. थॅलिक जुळताना पाणी सुटते, ते झायलीनबरोबर उडून सेपरेटरमध्ये वेगळे होते. ॲसिड व्हॅल्यू ८ ला थांबवले तेव्हा तिथे २८ लिटर पाणी जमले होते. २५० किलो थॅलिक पूर्ण लागले असते तर ३०.४ निघाले असते. उरलेल्या ८ ॲसिड व्हॅल्यूमध्ये ती तूट नेमकी बसते.