एक सूत जास्त

आमच्या घराला गॅरेज आहे, पण त्यात गाडी कधी राहिली नाही. १९८६ साली वडिलांनी सांगलीत घर बांधलं तेव्हा घरात एक चेतक होती, आणि नकाशा काढणाऱ्यानं मोठ्या उमेदीनं एका अरुंद खोलीत ‘गॅरेज’ असं लिहून टाकलं होतं. पुढे खरोखरची मोटार आली, ती दारात उभी राहिली आणि तिचे दोन्ही आरसे चौकटीला घासले. तेव्हापासून गाडी रस्त्यावर आणि गॅरेजात बाकी सगळं: मोडकी सायकल, आकाशकंदिलाचे सांगाडे, पाण्याचा जुना पिंप आणि वडिलांची हत्यारांची सागवानी पेटी.

निवृत्त झाल्यावर माणसं प्रवासाला जातात किंवा गीतेच्या वर्गाला. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यामुळे शब्द सोडून कशालाच हात लावला नव्हता. आता हातानं काहीतरी करावं असं वाटू लागलं आणि मी तुळशीसाठी लाकडी स्टँड करायला घेतला. फळी धरायला काही नव्हतं म्हणून जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, फळीवर गुडघा रोवला आणि करवत चालवली. फळी कापली गेली. खुर्चीही बोटभर कापली गेली. पाहुणे आले की बायको अजून तीच खुर्ची पुढे करते आणि ते बसायच्या आत खाच दाखवते.

यावर माझ्याकडे एक उत्तर आहे, ते तिला पटत नाही. रॉन हिकमन म्हणून एक गृहस्थ होते, लोटस इलान ही देखणी मोटार ज्यांच्या हातून उतरली ते. त्यांनीही असंच घरी काम करताना खुर्ची कापली आणि त्या चुटपुटीतून घडीचं कामाचं टेबल शोधून काढलं. ब्लॅक अँड डेकरनं आधी नकार दिला, मग १९७० च्या दशकात तेच ‘वर्कमेट’ या नावानं काढलं आणि ते जगभर खपलं. ‘मग तुम्ही काय शोधून काढलंत?’ असं बायकोनं विचारलं. म्हणून मग टेबल करायचं ठरलं.

टेबल म्हणतोय खरं, पण मराठीत या वस्तूला नाव नाही. कारखान्यात ‘बेंच’ म्हणतात. आमच्या सुतारानं ते कधी वापरलंच नाही, तर नाव कशाला देईल? तो गोणपाट पसरतो, उकिडवा बसतो, फळीचं एक टोक भिंतीला टेकवतो आणि दुसरं पायाच्या अंगठ्यानं दाबून धरतो. रंधा, करवत, पटाशी सगळं तिथेच. शिंपी जमिनीवर, सोनार जमिनीवर, विळी जमिनीवर. इथून दहा किलोमीटरवर मिरजेत सतारी आणि तंबोरे होतात, तेही मांडी घालून, भोपळा मांडीशी घेऊन. भाषेतसुद्धा बघा, मन लावून करायचं तर आपण ‘ठाण मांडून’ बसतो, गवयाची ‘बैठक’ जमते, आणि सवयीनं हात तयार झाला की तो ‘बसतो’. उभ्या उभ्या केलेलं काम आपल्याकडे उरकलेलंच समजतात. फक्त स्वयंपाकघर तेवढं उठून उभं राहिलं. आईची चूल जमिनीवर होती. पुढे ओटा आला आणि तिचे गुडघे सुटले. माझे गुडघे आता आईच्या तेव्हाच्या वयाचे झाले होते. मलाही ओटाच हवा होता, फक्त लाकडाचा.

उंचीचा प्रश्न त्यामुळे सोपा झाला. सरळ उभं राहून हात सोडावेत आणि मनगटाच्या घडीपर्यंत मोजावं, असा साधारण ठोकताळा आहे. माझी घडी आली चौतीस इंचांवर. स्वयंपाकाचा ओटा बत्तीस. ‘तो माझ्या मापाचा आहे,’ बायको म्हणाली, ‘म्हणून तुम्ही पोळ्या लाटताना पाठ दुखते म्हणता होय!’ मी पोळ्या कधी लाटल्या हे मला आठवेना, पण वाद वाढवला नाही.

लाकूड आणायला वखारीत गेलो. नव्या सागवानाचा घनफुटाचा भाव ऐकून मी पंख्याखाली जाऊन उभा राहिलो. मालकानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मागच्या बाजूला नेलं. तिथे पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, वाशे आणि चौकटी रचलेल्या होत्या, धुरानं काळ्या झालेल्या. एका चौकटीवर हळदीकुंकवाचे डाग अजून होते. ती मी घेतली नाही, मन झालं नाही. बाकीच्यांतून चार पायांपुरतं आणि आडव्या पट्ट्यांपुरतं लाकूड निवडलं. गड्यानं प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवलं, कारण जुन्या लाकडात खिळा मोडून राहिलेला असतो आणि तो यंत्राच्या पात्याचे दात खातो. रंध्याचा पहिला हात बसला आणि काळ्या सालीखालून मधासारखा पिवळा रंग वर आला, वास आला. शंभर वर्षांच्या लाकडाला अजून वास आहे. सागवानाचं शास्त्रीय नाव टेक्टोना आहे, ग्रीक भाषेत सुताराला टेक्टोन म्हणतात त्यावरून, असं एक मत आहे. झाडाला सुताराचं नाव द्यावं असं त्या शास्त्रज्ञाला का वाटलं असेल, ते मला त्या वासानं कळलं.

वरच्या फळीसाठी मात्र प्लायवुडच घेतलं, एकोणीस मिलिमीटरच्या दोन थरांना फेविकॉल लावून एक केलं. दुकानदार म्हणाला, ‘सातशे दहा घ्या, सर, वॉटरप्रूफ.’ म्हणजे आयएस ७१०, मरीन प्लाय. सांगलीत वॉटरप्रूफ हा शब्द जपून वापरावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, आमच्या गॅरेजात कमरेएवढं पाणी चार दिवस राहिलं, आणि ते उतरल्यावर प्लायचं जुनं कपाट पापुद्र्यांच्या करंजीसारखं सुटून आलं. वडिलांची सागवानी पेटी मात्र फुगली, रुसली, आणि महिन्याभरात पुन्हा पूर्वीसारखी बंद व्हायला लागली. आतलं सामान गंजलं होतं. ते मी तेव्हा पाहिलंसुद्धा नव्हतं.

आता पाहिलं. वडील किर्लोस्करवाडीला पॅटर्न शॉपमध्ये होते. १९१० साली माळावर उभं राहिलेलं हे गाव. नांगरापासून सुरुवात झाली आणि पुढे पंप. सकाळच्या पॅसेंजरनं ते जात आणि संध्याकाळी बाह्यांना भुसा चिकटवून परत येत. लहानपणी मला वाटायचं, पंप लोखंडाचे, मग बाबांच्या अंगावर भुसा कसा? पेटीत पटाश्या निघाल्या, गुण्या, लाकडावर रेघ आखायची खतावणी, बाभळीची मोगरी आणि दोन फुटांची एक पोलादी पट्टी. पॉलिश पेपरनं आणि तेलानं दोन दिवस घासल्यावर पट्टीवरचे आकडे दिसू लागले. आकड्यांच्या वर बारीक इंग्रजी अक्षरं होती, अर्धी खाल्लेली. ‘काँट्रॅ’ एवढं वाचता आलं. मी समजलो काँट्रॅक्ट खात्याची असेल. सगळं टेबल याच पट्टीनं मोजायचं असं मी ठरवलं. थोडा भावनेचा भाग, आणि थोडं असं की टेप सारखी गुंडाळून पळते.

जागा मात्र टेपनं मोजली होती. मागच्या भिंतीशी, खांब आणि बाजूची भिंत यांच्यामध्ये सहा फूट दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार सेंटिमीटर शिकले, पण सूत सुटलं नाही, आणि का सुटावं? सुतार हा शब्दच सूत्रधारापासून आला. हातात दोरा धरणारा तो सूत्रधार. गेरूत भिजवलेला दोरा ताणायचा, टिचकी मारायची, लाकडावर लाल रेघ उमटते, सुतासारखी सरळ. नाटकात पडद्यापुढे येतो तोही सूत्रधारच. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो आणि मुलं दरवर्षी जांभई द्यायची.

दोन सूत मोकळं सोडून टेबल बरोबर सहा फुटांचं करायचं होतं. पाच आठवडे लागले. खाचा पटाशीनं पाडल्या. पहिली खाच उंदरानं कुरतडल्यासारखी झाली, आठवी बरी झाली. आणि एक सांगायला हवं, जुळवणी झाली तेव्हा सगळे सांधे नेमके बसले. गुण्या लावला, काटकोन चोख. मी चौघांना फोन करून सांगितलं.

मग शेजारचा मुलगा आणि मी ते उचलून जागेवर न्यायला गेलो, आणि ते बसेना. चार सूत जास्त. फिरवून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. सगळे सांधे नेमके, आणि टेबल मोठं.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. आमच्या घराच्या दारं-खिडक्या त्यांच्या वडिलांनी केलेल्या. मिस्त्रींनी टेप लावली. ‘सर, हे सहा फूट सहा सूत भरतंय.’

‘शक्य नाही,’ मी म्हटलं आणि वडिलांची पट्टी आणली. त्यांनी पट्टीशेजारी टेप धरली. दोन फुटांची पट्टी टेपवर दोन फूट दोन सूत आली. त्यांनी पट्टी उलटसुलट केली, सावकाश खाली ठेवली आणि मोठ्या माणसाची चूक सांगताना काढतात तसा आवाज काढून म्हणाले, ‘पट्टी खोटी हाय, सर.’

तेव्हा मला ते अक्षर लागलं. काँट्रॅक्ट नव्हे, काँट्रॅक्शन. आकुंचन. आणि लहानपणीचं एक जेवण आठवलं. ताटातल्या ओल्या भातात बाबांनी वाटी दाबून उचलली होती आणि खळगा दाखवला होता. असं लाकडाचं पॅटर्न वाळूत दाबायचं, काढून घ्यायचं, खळग्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पण लोखंड निवताना आकसतं. फुटाला एक सूत. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढं मोठं करायचं आणि त्यासाठी पट्टीच तशी बनवलेली असते, बघायला बारा इंच, असायला बारा इंच एक सूत. आईनं ‘जेवणात वाळू कशाला?’ म्हणून दोघांनाही झापलं होतं.

मी हे सगळं मिस्त्रींना समजावलं. माझा प्रत्येक पाय, प्रत्येक पट्टी, प्रत्येक खाच फुटाला एक सूत मोठी होती, म्हणून आपसांत सगळं जमलं होतं. भांडण फक्त जगाशी होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हंजे,’ ते म्हणाले, ‘हे वाळूत दाबून बीडाचं टेबल ओतलं असतं, तर बरोबर सहा फूट आलं असतं.’

‘अगदी बरोबर.’

‘मग चुकलं कुठं? ओतायचं राहिलंय फक्त.’

मी म्हटलं, एका बाजूनं चार सूत कापून टाकू. त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. तिथे मी सागवानाची पट्टी लावली होती, कोपरे काढून. ‘लाकूड कापलं की गेलं, सर. गिलावा काय, परत लावता येतो.’ छिन्नी घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंचा गिलावा फळीच्या जाडीपुरता दोन-दोन सूत खरवडला आणि टेबल हातोडीच्या चार ठोक्यांत त्या खोबणीत सरकवलं. तेव्हापासून ते तसूभर हललेलं नाही. वर चढून नाचलं तरी हलणार नाही. पुन्हा बाहेर कसं काढायचं, हा विचार दोघांनीही केला नाही.

टेबलाच्या व्हाइसला, म्हणजे लाकूड पकडायच्या शिकंज्याला, लाकडाचे जबडे लावायचे राहिले होते. ते मिस्त्री लगेच करून देतो म्हणाले. मी नव्या टेबलावरचा भुसा झटकला, दिवा लावला आणि जरा बाजूला झालो. त्यांनी पिशवीतून गोणपाट काढलं, टेबलाच्या पायाशी पसरलं, उकिडवे बसले, तुकडा अंगठ्याखाली धरला आणि रंधा मारायला लागले. चहा आला, तो टेबलावर ठेवला. टेबल पहिल्यांदा उपयोगी पडलं ते असं.

पट्टी मी पेटीत परत ठेवली नाही. टेबलावर खिळ्याला टांगली आहे. परवा बायकोला ओट्यावर मसाल्याच्या बरण्यांसाठी मांडणी हवी होती. मी माप घेऊन कागदावर लिहून आणलं, तीन फूट एक सूत. तिनं कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि उठून शिवणाच्या डब्यातली टेप माझ्या हातात दिली.

‘अहो, परत एकदा मोजा.’