खात्यासाठी सात खेपा: बचत गटाची अध्यक्ष म्हणून माझा अनुभव

आमच्या गटाचं बँक खातं उघडून दीड वर्ष झालं, तरी त्या शाखेच्या पायऱ्या चढताना माझ्या पोटात अजून गोळा येतो. नवीन गट झालेल्या बायका मला विचारतात, अध्यक्षाने नेमकं करायचं काय असतं? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मनातला राग अजून गेलेला नाही, तोही यात उतरेल.

सातारा जिल्ह्यातलं छोटं गाव. 'उमेद'मधून (राज्य सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आमचा ११ जणींचा गट झाला, बचत आठवड्याला २५ रुपये. मी बारावी शिकलेली, म्हणून "तूच बोल, तूच अध्यक्ष हो" असं ठरलं. सचिव, कोषाध्यक्ष निवडणं, नाव ठरवणं, ठराव लिहिणं, शिक्का करून आणणं, सगळं दोन बैठकांत उरकलं. आता फक्त खातं उघडायचं राहिलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पहिल्या खेपेला फॉर्म मिळाला. दुसऱ्या खेपेला आम्हा तिघी पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि आधार दिले. तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या साहेबांनी सांगितलं, सगळ्या ११ जणींचं आधार आणि पॅन आणा. मी घरोघर फिरून ते जमवलं. चौथ्या खेपेला एकीच्या आधारवर माहेरचं नाव निघालं आणि दोघींकडे पॅनच नव्हतं. (पॅन नसेल तर फॉर्म ६० भरता येतो, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही आधीच विचारा.) मग हुकूम आला की सगळ्या जणींना एकदम समोर आणा.

खुरपणीचे दिवस होते. रोज ३०० रुपये. सगळ्या जणी तो रोज बुडवून आल्या, एक तर तान्ह्या लेकराला घेऊन आली. दुपारी दोनपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवलं आणि मग सांगितलं, सर्व्हर डाऊन आहे, परवा या. ११ जणींचे मिळून ३,३०० रुपये त्या एका दिवसात बुडाले. ११ आठवडे पोटाला चिमटा घेऊन साठवलेले आमच्या पेटीत तेव्हा ३,०२५ रुपये होते. हा हिशेब मी त्या रात्री मांडला आणि मला झोप लागली नाही.

त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली. पेटी कोषाध्यक्ष काकूंच्या घरी होती, "पैसे घरात कशाला ठेवलेत, वापरत असतील" असं कुणीतरी बोललं. काकू रडल्या. पुढच्या बैठकीला चौघी आल्याच नाहीत.

इथे माझी चूक सांगते. सगळे कागद माझ्याच पिशवीत असायचे. बँकेत मी एकटीच बोलायचे, आणि घरी येऊन विचारलं की "होतंय, होतंय" म्हणायचे. बायकांना त्रास नको, असं मला वाटायचं. पण काय अडलंय हेच त्यांना माहीत नव्हतं, मग त्यांनी भरवसा तरी कशावर ठेवायचा?

मी घरोघर जाऊन सगळ्यांना बोलावलं. पिशवी मधोमध ओतली. कुठल्या खेपेला काय झालं, तिकिटाला किती गेले, सगळं सांगितलं. पेटी सगळ्यांसमोर उघडून पैसे मोजले. तेव्हा भिंतीला टेकून बसणाऱ्या, एरवी तोंडही न उघडणाऱ्या एक काकी म्हणाल्या, "त्यो साहेब म्हणतोय ते कुठं लिवलंय का? का त्याच्या मनाचं?"

पाच खेपांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.

आमच्या सीआरपी ताईंनी (गावातल्या गटांना मदत करणाऱ्या उमेदच्या कार्यकर्तीने) पंचायत समितीतल्या उमेदच्या कक्षातून माहिती काढून आणली. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे गटाचं बचत खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची केवायसी (कागदपत्रांवरून ओळख-पत्त्याची पडताळणी) पुरते. सगळ्या सदस्यांची केवायसी कर्ज देताना करता येते. म्हणजे आमच्या बायकांचा तो रोज बुडायचं कारणच नव्हतं. याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

सहाव्या खेपेला आम्ही तिघी गेलो. मराठीत अर्ज, दोन प्रती, सोबत त्या सूचनेची छापील प्रत. कोण बोलणार हे आधीच ठरवलं होतं: सचिव. ती वयाने सगळ्यांत लहान, पण शांत. साहेब म्हणाले, "ठेवून जा." ती म्हणाली, "दुसऱ्या प्रतीवर पोच द्या, सही-शिक्क्यासह." मला मध्ये बोलायची फार घाई झाली होती, पण गप्प राहिले. कागद आत गेला. वीस मिनिटांनी पोच मिळाली आणि चौथ्या दिवशी, सातव्या खेपेला, पासबुक हातात पडलं. झाल्या त्रासाबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

आणखी एक आठवलं, ते फार कामाचं आहे. खातं उघडायला वेळ लागला तरी बैठक आणि वह्या बंद पाडू नका. कर्जासाठी गट किमान सहा महिने चालू असावा लागतो, आणि ते महिने गटाच्या वह्यांवरून मोजतात, खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. आमची सचिव पहिल्या आठवड्यापासून लिहीत होती, म्हणून आमचा एकही महिना वाया गेला नाही. फिरता निधी (गटाला आपसात कर्ज द्यायला उमेदकडून मिळणारे पैसे), पहिलं कर्ज हे सगळं पुढे सुरळीत झालं.

आता कागदांची पिशवी माझ्याकडे नसते. बँकेत दर वेळी दोघी जातात, त्यातली एक नवी. आल्यावर बैठकीत काय झालं ते तीच सांगते. मागच्या महिन्यात हप्ता भरायला त्या काकी गेल्या होत्या. वाचता येत नाही, तरी शिक्का उमटलाय का ते नीट बघून घेतलं, आणि पावती पदराच्या गाठीत बांधून आणली.